साखरेच्या धुळीकडे सभासदांचेही लक्ष हवे



ऊस विकास विभागातल्या माणसाने साखर विभागातल्या धुळीवर लेख का लिहावा, असा प्रश्न काहींना पडेल. आमचा विषय बेणे, लागण, खोडवा, खताची मात्रा आणि तोडणीचा कार्यक्रम. पण गटात फिरताना सभासद कारखान्याविषयी जे विचारतात ते ऐकून हा विषय मांडावा असे वाटले. काटा बरोबर आहे का, उतारा किती पडला, पुढचा हप्ता कधी, डिस्टिलरीचे काय, असे सारे प्रश्न येतात आणि ते यायलाच हवेत. मात्र ज्या इमारतीत आपल्या उसाची साखर वाळते, चाळली जाते आणि पोत्यात भरली जाते, तिथे काम करणारी माणसे कितपत सुरक्षित आहेत, हे सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक त्या पाळ्यांवर कोण असते? आपल्याच गावची पोरे, आपलेच भाऊबंद आणि ठेकेदाराकडे लागलेले हमाल. म्हणून हा विषय नुसता इंजिनिअर लोकांचा नाही. तो मालकांचा आहे, आणि सहकारात मालक आपण आहोत.

साखर पेटते हे आधी मान्य करू

पोत्यातली साखर काडी लावली तरी सहजासहजी पेटत नाही. त्यामुळे साखरेला आगीचे भय नाही, असा आपला समज होऊन बसला आहे. चुलीतले उदाहरण घ्या. बाभळीचा ओंडका पेटवायला घाम फुटतो, त्याच्या ढलप्या लवकर पेटतात, आणि त्याच लाकडाचा वाळलेला भुसा मूठभर जाळावर उधळला तर क्षणात भडका होतो. लाकूड तेच असते, पण बारीक झाले की हवेला चारी बाजूंनी भिडते. साखरेचेही तसेच आहे. एक ग्रॅम साखरेत सुमारे ४ किलोकॅलरी उष्णता साठलेली असते. ती आपण खातो तेव्हा अंगात हळूहळू मोकळी होते. साखरेची पिठासारखी धूळ हवेत तरंगत असताना पेटली तर तीच उष्णता सेकंदाच्या अंशात मोकळी होते. ही धूळ एखाद्या बंद डब्यात, बोगद्यात किंवा खोलीत असेल तर तापलेल्या हवेला फुगायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि पत्रे-भिंती फुटतात. याला धुळीचा स्फोट म्हणतात.

त्यासाठी पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात : जळणारी बारीक धूळ, हवा, ती धूळ हवेत उधळणे, बंदिस्त जागा आणि ठिणगी किंवा तापलेला भाग. यातली एक जरी काढून घेतली तरी स्फोट होत नाही. हवा काढून घेणे आपल्या हातात नाही. बाकीच्या चारही गोष्टी कमी-अधिक प्रमाणात आपल्या हातात आहेत. सुरक्षेचे सारे शास्त्र एवढ्यावरच उभे आहे.

हा काही आजचा शोध नव्हे. इटलीतल्या तुरीन शहरात १७८५ साली पिठाच्या वखारीत झालेल्या स्फोटाची नोंद आहे. अमेरिकेत मिनियापोलिस येथे १८७८ साली एक मोठी पीठगिरणी उडाली, त्यात १८ माणसे गेली. लांबचे कशाला, नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत आरतीच्या ज्योतीवर गुलाल पडून भडका उडाला आणि माणसे भाजली. मोकळ्या हवेत होते म्हणून भडक्यावर निभावले. हेच बंद खोलीत झाले असते तर काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पोर्ट वेंटवर्थला काय घडले

साखर कारखान्यापुरते बोलायचे तर एक घटना प्रत्येक सभासदाला ठाऊक असावी. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे इम्पीरियल शुगर कंपनीची रिफायनरी होती. ७ फेब्रुवारी २००८ रोजी संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास तिथे स्फोट झाला. १४ कामगार मृत्युमुखी पडले आणि ३६ जखमी झाले. काही जण जागीच गेले, तर काहींनी रुग्णालयात भाजल्या अंगाने झुंजत प्राण सोडला. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने तपास करून २००९ मध्ये अहवाल दिला. त्यातली हकिकत आपल्याकडच्या कुठल्याही फोरमनला ओळखीची वाटेल अशी आहे.

साखरेच्या उंच सायलोखालून बोगद्यात एक पट्टा जात होता. तो वर्षानुवर्षे उघडा होता. साखरेत घाण पडू नये, या चांगल्या हेतूने २००७ मध्ये त्याला पोलादी पत्र्यांचे आवरण केले. पण त्या आवरणातली धूळ ओढून घेण्याची सोय केली नाही आणि स्फोट झालाच तर दाब बाहेर पडायला झडपाही ठेवल्या नाहीत. साखरेचे गोळे अडकले, पट्ट्यावरची साखर सांडू लागली आणि बंद आवरणात धुळीचा ढग साचला. एखाद्या तापलेल्या बेअरिंगने तो पेटला असावा, असा तपास मंडळाचा निष्कर्ष आहे.

खरा घात मात्र त्या पहिल्या स्फोटाने झाला नाही. त्याच्या हादऱ्याने पॅकिंगच्या इमारतीतली, तुळयांवर, पाइपांवर आणि जमिनीवर साचलेली धूळ उधळली, पाठोपाठ जाळ आला आणि मग एकामागून एक स्फोट होत गेले. काँक्रीटच्या जमिनी उचकटल्या, दिवे गेले, आग विझवण्याचे पाण्याचे नळ तुटले आणि माणसांना अंधारात वाट सापडेना. सर्व इमारतींत ऐकू जाईल असा भोंगाही नव्हता.

तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली. साखरेच्या धुळीचा धोका तिथल्या व्यवस्थापनाला कित्येक दशके आधीपासून कागदोपत्री माहीत होता. लहानसहान आगी पूर्वीही लागल्या होत्या, त्या विझवल्या आणि काम पुढे सुरू झाले. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हाच तिथला सर्वांत मोठा दिलासा होता आणि तोच नडला.

आपल्याकडे धोका कुठे असतो

उगीच घबराट माजवू नये, म्हणून आधी फरक सांगतो. आपले बहुतेक कारखाने दाणेदार पांढरी साखर करतात. पिठीसाखर दळण्याचा उद्योग तिथे होता, तो आपल्याकडे सहसा नाही. मोठा दाणा स्वतः उडत नाही आणि पेटतही नाही. पण दाणा हॉपरवर हादरतो, एलिव्हेटरच्या बादल्यांतून वर जातो, ग्रेडरच्या चाळण्यांवर घासतो, चुटमधून आपटत खाली येतो. या प्रत्येक ठिकाणी थोडी भुकटी होते. म्हणून धूळ शोधायची तर एलिव्हेटरचा बंद डबा, ग्रेडर, साखरेची बिन, धूळ ओढणारे सायक्लोन व त्यांचे नळ, आणि पोती भरण्याची जागा इथे शोधावी.

त्यातही बारकावा आहे. साखरेच्या धुळीचा स्फोट व्हायला, धूळ किती बारीक आणि कोरडी आहे त्याप्रमाणे, एक घनमीटर हवेत साधारण ६० ते १२५ ग्रॅम धूळ लागते. ही एवढी दाट असते की हाताच्या अंतरावरचे दिसणार नाही. पोती भरताना नाकाला जाणवते ती धूळ याच्या मानाने फार विरळ. तेव्हा रोज दिसणारी उडती धूळ लगेच फुटेल असे नाही. पण एलिव्हेटरच्या आत ही दाटी सहज होते, आणि आतली बादली तुटून पत्र्यावर घासली किंवा बेअरिंग तापले तर ठिणगीही तिथेच मिळते.

आता साचलेल्या थराचा हिशेब पाहा. जमिनीवर फक्त १ मिलिमीटर थर आहे असे समजू. बारीक धुळीचा एवढा थर एका चौरस मीटरवर सुमारे ५०० ग्रॅम भरतो. खोली ५ मीटर उंच असली आणि तो सारा थर हादऱ्याने उधळला, तर दर घनमीटरला १०० ग्रॅम झाले. म्हणजे आपण वर सांगितलेल्या मर्यादेत आलो. म्हणूनच अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या मानकांत सुमारे ०.८ मिलिमीटरचा थर मोठ्या भागावर साचला की धोका समजावा, असा दंडक आला. सोपी खूण अशी : तुळईवर बोट फिरवून नाव लिहिता आले, खालचा रंग दिसेनासा झाला, की साफसफाईची वेळ टळून गेली आहे. आणि धूळ जमिनीवर दिसते त्यापेक्षा वर, जिथे झाडू पोचत नाही तिथे, जास्त असते. स्फोटात आधी तीच खाली येते.

बगॅसचा प्रकार थोडा वेगळा. गिरणीतून निघते तेव्हा त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते, त्यामुळे ती तेवढी घातक नाही. पण साठलेली गंजी आतून तापते आणि पेटते, हे आपण उन्हाळ्यात वाचतोच. वाळलेल्या बगॅसचा बारीक भुसा कॅरिअरखाली, मोटारींवर आणि बॉयलरच्या गरम नळांजवळ साचतो, त्याकडे दुर्लक्ष होते. बुरशी आलेल्या जुन्या बगॅसची धूळ छातीत जाऊन फुप्फुसाचा विकार होतो, हेही वैद्यकशास्त्राला बरीच वर्षे ठाऊक आहे. गंधक तर साखरेपेक्षाही लवकर पेट घेते. रस शुद्धीकरणासाठी ते आपण वापरतो, म्हणून गंधकाच्या कोठीत फावड्याने भुकटी उधळणे आणि जवळपास वेल्डिंग करणे पूर्ण बंद हवे.

नेहमीचे आक्षेप

पहिला आक्षेप असा की ‘आजवर झालंय का काही?’ पोर्ट वेंटवर्थलाही २००८ पर्यंत लोक हेच म्हणत होते. आपण उसाला हुमणी दिसायची वाट पाहून मगच उपाय करतो का? जो पाहतो त्याचा ऊस वाळतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो प्रामाणिक आहे. ‘या साऱ्याला पैसा लागणार, तो शेवटी उसाच्या दरातून जाणार.’ याचे उत्तर आकड्यांतच देतो. समजा रोज ३,५०० टन गाळणारा कारखाना अपघाताने दहा दिवस बंद राहिला. ३५,००० टन ऊस थांबला, म्हणजे एकरी ४० टन धरले तरी ८७५ एकर. तो ऊस रानात उभा. मार्च-एप्रिलच्या उन्हात त्याचे वजन घटते, उतारा उतरतो, तुटलेला फडात वाळतो, तोडणीच्या टोळ्या दुसरीकडे निघून जातात. आणि इमारतच गेली तर दहा दिवसांची गोष्ट उरत नाही, सारा हंगाम जातो. विमा यंत्रांची भरपाई देऊ शकेल. वाळलेला ऊस आणि गेलेला माणूस तो परत आणत नाही.

शिवाय ही धूळ म्हणजे कचरा नव्हे, ती आपली साखर आहे. सायक्लोनने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने पकडलेली धूळ वितळवून पुन्हा पॅनकडे घेता येते. जी तुळईवर बसते आणि झाडून बाहेर जाते ती मात्र उताऱ्यातून वजा होते. तेव्हा धूळ पकडण्यावरचा खर्च सगळाच पाण्यात जातो असे नाही.

तिसरा आक्षेप, ‘कायद्यात बसतं तेवढं करतोच की.’ कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३७ मध्ये पेट घेणाऱ्या धुळीबद्दल स्पष्ट लिहिले होते : यंत्र बंदिस्त करा, धूळ साचू देऊ नका, ठिणगीची साधने दूर ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. कायद्याचे नाव बदलले तरी कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याची मालकाची जबाबदारी कायम आहे. पण कायदा म्हणजे कमीत कमी. निरीक्षक वर्षातून कधीतरी येणार, पाळी रोज तीन वेळा बदलते.

काय करावे, आणि कुठल्या क्रमाने

माझे मत असे की यंत्रखरेदीपासून सुरुवात करू नये. आधी धोका मोजावा. साखर विभाग, इंजिनिअरिंग, सुरक्षा अधिकारी आणि त्या जागी रोज राबणारे दोन अनुभवी कामगार यांनी मिळून हॉपरपासून गोदामापर्यंत पायी फिरावे. प्रत्येक ठिकाणी चारच प्रश्न विचारावेत : इथे धूळ कुठून निघते? कुठे साचते? तिला पेटवील असे इथे काय आहे? पेटलीच तर दाब आणि माणूस बाहेर कुठून पडतील? उत्तरे नकाशावर मांडावीत. धुळीचा नमुना प्रयोगशाळेकडे तपासायला द्यावा, म्हणजे अंदाजावर भांडण राहत नाही.

मग कामाचा क्रम असा असावा :

१. गळती बंद करणे. फाटलेल्या कॅनव्हासच्या बाह्या, सैल झाकणे, भोके पडलेले चुट आधी दुरुस्त करावेत. झाडू कितीही मारला तरी गळती चालू असेल तर तो पाण्यात काठी मारण्याचा प्रकार आहे.

२. धूळ उगमापाशीच ओढून घेणे, आणि ओढणारे नळ तुंबले नाहीत हे ठरावीक दिवसांनी उघडून पाहणे.

३. साफसफाईची पद्धत बदलणे. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवणे ही आपल्याकडची जुनी सवय. ती ताबडतोब मोडावी. उडवलेली धूळ जात नाही, वर जाऊन बसते. अशा धुळीसाठी बनवलेले ओढयंत्र वापरावे, किंवा जिथे विजेची साधने नाहीत तिथे पाण्याने धुवावे. वरच्या तुळयांची पाळी ठरवून वहीत सह्या घ्याव्यात.

४. ठिणगी दूर ठेवणे. बेअरिंगला वेळेवर ग्रीस, तापमानाची नोंद, पट्टा सरकला तर आपोआप थांबण्याची सोय, लोखंडाचे तुकडे धरायला चुंबक, यंत्रांना व नळांना अर्थिंग, धूळ आत न जाणाऱ्या मोटारी व दिवे. वेल्डिंग व गॅस कटिंग लेखी परवान्याशिवाय नको. जागा आधी साफ आणि ओली करावी, पाण्याची सोय घेऊन माणूस शेजारी उभा ठेवावा, आणि काम संपल्यावरही काही वेळ तिथे पहारा असावा.

५. तरीही घडले तर नुकसान आवरणे. एलिव्हेटर व धूळ पकडणाऱ्या यंत्रांना दाब मोकळा करणारी झडप असावी आणि तिचे तोंड माणसे वावरतात तिकडे असू नये. ही कामे जाणकार अभियंत्याकडून हिशेब करून घ्यावीत, गावच्या फॅब्रिकेटरवर सोपवू नयेत. पोर्ट वेंटवर्थचा धडा हाच की एखादी गोष्ट बंदिस्त करताना तिच्या पोटात काय साचेल हे आधी पाहावे.

६. माणसांची तयारी. भोंगा सगळीकडे ऐकू जातो का, वाटेत पोती रचलेली नाहीत ना, दिवे गेले तर दार सापडेल का? हंगामात निदान दोनदा सराव घ्यावा. धुमसणाऱ्या धुळीच्या ढिगावर पाण्याचा जोराचा झोत मारू नये, त्याने धूळ उधळून स्फोट होतो. पाणी बारीक फवाऱ्याने द्यावे. धुमसणाऱ्या डब्याचे झाकण एकदम उघडू नये. या दोन गोष्टी ठेकेदाराच्या हमालालाही तोंडपाठ हव्यात. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी, त्याच्या बोलीत, जागेवर नेऊन सांगाव्यात. सूचना फलकावर इंग्रजी कागद चिकटवून हे होत नाही.

यातली पहिली, तिसरी आणि सहावी कामे फारशा पैशाविना, शिस्तीने होण्यासारखी आहेत. बाकीची हंगाम संपल्यावरच्या ओव्हरहॉलिंगमध्ये टप्प्याटप्प्याने घेता येतील. त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम धरावी, ‘किरकोळ दुरुस्ती’त मिसळू नये. मिसळली की हात आखडता घ्यायची वेळ आली म्हणजे तीच आधी कापली जाते.

सभासदांनी काय करावे

आपण सर्वसाधारण सभेत भावावर तासभर बोलतो, ते रास्तच आहे. येत्या सभेत दहा मिनिटे या विषयाला द्यावीत, अशी विनंती आहे. संचालक मंडळाला आरोपाच्या सुरात नव्हे, घरच्या माणसाने विचारावे तसे विचारावे : धुळीच्या धोक्याची पाहणी झाली आहे का आणि तिचा अहवाल कुठे पाहायला मिळेल? गेल्या हंगामात लहान-मोठ्या किती आगी लागल्या, त्यांची नोंद आहे का? साफसफाई कशाने होते? ठेकेदाराच्या कामगारांना शिकवले जाते का? सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी आहेत का आणि ती बसते का? आणि यंदा या कामासाठी किती रक्कम धरली आहे?

लहान आगीची नोंद हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. धुमसलेले बेअरिंग किंवा करपलेला पट्टा फोरमनने विझवला आणि गप्प बसला, तर ती माहिती गेली. कळवणाऱ्याला बोलणी बसणार असतील तर कोणी कळवणार नाही. कळवणाऱ्याची पाठ थोपटली पाहिजे. सभासदांनी आपल्या घरच्या कामगारांनाही हेच सांगावे की दिसले ते सांगत चला, आणि सांगितल्याबद्दल कोणी त्रास दिला तर आम्ही सभासद तुमच्या पाठीशी आहोत.

ऊस चांगला यावा म्हणून आपण बेणेप्रक्रियेपासून दक्षता घेतो. त्याच उसाची साखर होते त्या इमारतीत तेवढी दक्षता असावी, एवढेच म्हणणे आहे. बॉयलरचे अग्निप्रदीपन होण्याआधी तुळया पुसलेल्या, एलिव्हेटर तपासलेले आणि माणसे शिकवलेली असावीत. ते झाले आहे की नाही, हे पाहण्याचा हक्क आपल्या शेअरच्या दाखल्यानेच आपल्याला दिला आहे. तो वापरावा.